तोबऱ्यावरची फुलं

ओर्नेलाने आईकडे क्रोशाचं काहीतरी मागितलं ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणि मागितलं तेही एका तोबऱ्यासाठी.

तोबरा हा तिच्या बापाचा शब्द. बंदरावरच्या दुकानात त्याच वस्तूला 'कोफ्फा' अशी चिठ्ठी लावली होती आणि चिठ्ठीवरची किंमत वाचून गास्पारे दोन पावलं मागे सरकला होता. खुरट्या ताडाच्या सुकवलेल्या पात्यांची वेणी घालायची, ती वेणी गोलगोल शिवत वर न्यायची, दोन बंद लावायचे, झाली पिशवी. आत ना अस्तर ना कप्पा. गास्पारेच्या बापाकडे खेचरं होती तेव्हा असल्या पिशव्या गोठ्याच्या भिंतीला टांगलेल्या असत. त्यांत जव भरून त्या खेचरांच्या तोंडाला बांधायच्या. आता खेचरं गेली आणि पिशव्या तुरीन-मिलानच्या बायकांच्या खांद्यावर चढल्या.

"आमच्या खेचरानं कधी फुलं मागितली नव्हती," गास्पारे म्हणाला.

"खेचराला ऑफिसला जायचं नव्हतं, पप्पा." ओर्नेला आईकडे वळली. "मम्मा, या पिशवीला दोन-तीन फुलं करून देशील? पांढरी. लहान. फार नको."

निन्फा सिंकमध्ये टोमॅटो धूत होती. "बघते," ती म्हणाली, आणि धुतलेले टोमॅटो पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागली.

निन्फाच्या घरात उघडं असं काही नव्हतं. टीव्हीच्या डोक्यावर क्रोशाची जाळी, टेलिफोनखाली जाळी, फ्रीजच्या मुठीला क्रोशाचा मोजा, गॅसच्या जादा टाकीला झालरीचा परकर. गास्पारे जन्मभर बस चालवून निवृत्त झाला तेव्हा पहिले काही महिने तो खुर्चीत एका जागी फार वेळ बसायला घाबरत असे. गल्लीत ज्यांची लग्नं, बाळंतपणं, बारशी झाली त्या प्रत्येकाच्या घरी निन्फाच्या हातचं काही ना काही होतं. नव्हतं ते एका ओर्नेलाच्या घरी.

म्हणजे पाठवलं होतं. ओर्नेला तुरीनला नोकरीला लागली तेव्हा निन्फाने एक गठ्ठा पाठवला, आणि पुढच्या वर्षी मुलीकडे राहायला गेली तेव्हा टेबलावर, खिडकीत, पलंगाशेजारी, सगळीकडे त्या जाळ्या नीट मांडलेल्या होत्या. फक्त प्रत्येकीवर चार घड्यांच्या खुणा होत्या. त्याच सकाळी ड्रॉवरमधून निघालेल्या. निन्फाने इस्त्री मागून घेतली आणि खुणा घालवल्या.

आणि पेटी होती. पलंगाच्या पायथ्याशी, अक्रोडाच्या लाकडाची. तिच्यात ओर्नेलाच्या लग्नाचं सामान: चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ, सगळं बारा-बारा, आणि सगळ्यांच्या वर पहिल्या रात्रीची लिननची चादर. तिची हातभर रुंद क्रोशाची किनार निन्फाने ओर्नेला पोटात असताना सुरू केली होती आणि पोर पाऊल टाकायला लागली तेव्हा संपवली होती. पेटी उघडायची ती लग्न ठरल्यावर. आधी उघडून मुलीच्या हातात सामान द्यायचं म्हणजे लग्नाची आशा सोडली असं जाहीर करणं. असं कुणी बोलून दाखवत नसे. न बोलताच सगळ्यांना कळत असे. पेटीची किल्ली संत रीताच्या मूर्तीखाली होती. अशक्य कामं याच संतिणीकडे सोपवतात. पोरीसाठी स्थळाचं काम तिच्याकडे दिल्याला खूप वर्षं झाली होती आणि निन्फाचं मत होतं की संत रीताकडेही हल्ली गर्दी फार असावी.

त्यात यंदा ओर्नेला आली ती बातमी घेऊनच. पहिल्या रात्री जेवताना म्हणाली, "मी घर घेतलंय."

निन्फाच्या हातातला पाव तिथेच थांबला. "कुणाबरोबर?"

"बँकेबरोबर."

गास्पारेला हसू आलं, ते त्याने वाइनमध्ये बुडवलं. निन्फाने पेटीकडे पाहिलं नाही, कारण भिंतीतून दिसत नाही. पण मान तिकडे वळली होती.

तर अशा घरात, अशा आठवड्यात, पोरीने फुलं मागितली होती. रविवारी तिचं विमान होतं. पिशवी तिच्या खांद्यावरून विमानात चढते की मागच्या खेपेच्या शालीसारखी कपाटावर 'राहून जाते', हे निन्फाच्या हातावर होतं. म्हणजे निन्फाला तरी तसं वाटत होतं.

दुपारी ओर्नेला पोहायला गेली आणि निन्फाने गल्लीत सावलीला खुर्ची टाकली. समोरच्या दारात आगातीनाची खुर्ची कायमचीच. आगातीना ही ओर्नेलाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरीला हातात धरल्यापासून तिने ती खाली ठेवलेली नाही असं गास्पारे म्हणत असे.

निन्फाने पांढऱ्या सुती दोऱ्याची गुंडी काढली, साखळीचा फास केला, त्यावर खांब चढवले, पाकळ्या वळवल्या. मेणबत्ती लावायला लागतो तेवढ्या वेळात एक फूल. तीन झाली. दाभणाने ती ताडाच्या वेणीवर टाचून पाहिली.

आगातीनाने डोकं एका बाजूला कलतं केलं. "तीन?"

"तीन म्हणाली."

"तीन फुलं थडग्यावर ठेवतात, निन्फा. तेही लांबचा नातेवाईक असेल तर."

"लहान हवीत म्हणाली. फार नको म्हणाली."

"फार नको असं पोरी कशालाही म्हणतात. जेवायला वाढताना काय म्हणतात? फार नको. मग काय आपण वाढत नाही?"

निन्फाला हे पटलं. खरं तर आगातीनाने तोंड उघडायच्या आधीच तिला पटलेलं होतं. तिने चौथं फूल केलं, मग फुलांना पानं, मग पानांना देठ, मग देठ कुठेतरी जायला हवेत म्हणून कळ्या. बुधवारी काठाभोवती कमानींची किनार आली. किनारीला गोंडे आले. मग द्राक्षांचा एक घोस, प्रत्येक मणी वेगळा विणून आत कापूस भरलेला. द्राक्षं कुणी मागितली नव्हती. पण एका बाजूला फुलं आणि दुसरी बाजू मोकळी म्हणजे पोरगी रस्त्याने वळली की लोक काय म्हणणार?

"आता हिला उभं ठेव," आगातीना म्हणाली. "नाहीतर तुझे गुलाब सूपमध्ये भिजल्यासारखे लोंबतील."

उभं ठेवायचं म्हणजे खळ द्यायची, आणि खळ म्हणजे निन्फाच्या सासूची साखरेची. कपाला कप साखर-पाणी, एक उकळी, त्यात फुलं बुडवायची, पाटावर टाचण्यांनी ताणायची, उन्हात वाळवायची. या गल्लीतल्या प्रत्येक लग्नातली बदाम वाटायची विणलेली टोपली त्या साखरेवर उभी होती. निन्फाच्या काचेच्या कपाटातला क्रोशाचा हंस तर कित्येक वर्षं मान ताठ ठेवून बसला होता. कपाटातली वस्तू आणि रस्त्यावरची वस्तू यांत काही फरक पडेल हा प्रश्न तिच्या सासूला पडला नव्हता, तिच्या सासूच्या सासूला पडला नव्हता, तेव्हा निन्फाला पडायचं कारण नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ताड कुठेच दिसेनासा झाला. गास्पारेने पिशवी एका बोटावर उचलून पाहिली, मग दोन बोटांवर.

"ही रिकामी आहे?"

"ठेव खाली. हात धुतलेस?"

"नाही, म्हणजे आत काही ठेवायचं असेल तर दुसरी पिशवी घ्यावी लागेल."

ओर्नेला समुद्रावरून आली. केस ओले, नाकाचा शेंडा लाल. टेबलावरच्या वस्तूकडे तिने पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुंदर झालीय, मम्मा."

इस्पितळातल्या सूपला माणसं याच आवाजात चांगलं म्हणतात. निन्फाने तो आवाज ओळखला. इतक्या वर्षांत त्या आवाजाची तिला चांगली सवय झाली होती. "बरी झालीय," ती म्हणाली आणि वांगी तळायला गेली. तेल तापायच्या आधीच तिने वांगी कढईत टाकली, असं तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही केलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र ओर्नेलाने स्वतःहून पिशवी खांद्याला लावली. "चल मम्मा, फिरून येऊ. ग्रानीता खाऊ."

दयेपोटी लावली असेल, तरी लावली होती. निन्फाने काळे बूट पुसले, कानातले घातले आणि मुलीच्या दंडात हात अडकवून ती मोठ्या रस्त्याने निघाली. दर चार पावलांना कुणीतरी थांबवत होतं. "अगं हे तू केलंस?" "द्राक्षं बघ, द्राक्षं! खऱ्यासारखी!" निन्फा म्हणत होती, "छे, असंच आपलं, दुपारी बसल्याबसल्या," आणि पिशवीची बाजू लोकांकडे येईल अशा बेताने मुलीला हळूच वळवत होती.

चौकात बारच्या बाहेरच्या टेबलाशी त्या बसल्या. ओर्नेलाने पिशवी टेबलावर ठेवली. बदामाची बर्फाळ ग्रानीता आली, सोबत गोल पाव आला. समुद्रावरून दमट वारा सुटला आणि ताठ पाकळ्यांवर हळूहळू चकाकी चढली.

पहिली गांधीलमाशी आली तेव्हा ओर्नेलाने चमच्याने तिला घालवलं. दुसरी आली ती थेट गुलाबावर बसली. मग तिने बाकीच्यांना सांगितलं असावं.

"सिन्योरा," बारवाला टॉवेल झटकत आला, "पिशवीत जाम-बिम आहे का?"

"नाही हो. रिकामी आहे."

"मग या माश्यांना कुणीतरी उल्लू बनवलंय."

दोन टेबलं सोडून औषधवाल्याची बायको दोना योलान्दा बसली होती. ती चौकात कधी आवाज चढवत नसे, कारण औषधवाल्याच्या बायकोने चढवू नये. ती आता खुर्चीवर उभी होती आणि तिने आवाज चढवला होता. कुणीतरी म्हणालं पाणी टाका. कुणीतरी म्हणालं धूर करा. एका पर्यटकाने मोबाइल काढला.

ओर्नेला उठली. तिने पिशवी बंदाला धरून हात लांब केला, शक्य तेवढा लांब, आणि ती चौक ओलांडू लागली. धावली नाही. मागे माश्यांची रांग, त्यामागे सुरक्षित अंतरावर मुलं. संताची मूर्ती निघते तेव्हा असाच मधला रस्ता मोकळा होतो. दुसऱ्या टोकाच्या दिव्याच्या खांबाला तिने पिशवी अडकवली, डंख बसलेलं मनगट चोळलं आणि तितक्याच सावकाश परत येऊन आईशेजारी बसली.

"साखर?" तिने विचारलं.

"साखर," निन्फा म्हणाली. तिच्या मांडीवर तिचे दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

ओर्नेलाचे खांदे हलायला लागले. आधी निन्फाला वाटलं पोरगी रडतेय. मग दिसलं की ती हसतेय, आणि ते तिच्याने थांबवत नाहीये. "मम्मा, द्राक्षं," ती कशीबशी म्हणाली. "त्या... त्या द्राक्षांवर भांडतायत."

निन्फा हसली नाही. अंधार पडून माश्या घरी गेल्यावर गास्पारेने पिशवी बांबूने खाली काढली. घरी आल्यावर निन्फाने मुलीच्या मनगटावर व्हिनेगरचा बोळा धरला, बराच वेळ धरला, आणि पूर्ण वेळ त्या सुजेशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तीन म्हणाली होतीस. ऐकायला येतं मला, अजून ऐकायला येतं."

शनिवारी सकाळी ओर्नेला उठून आली तेव्हा आई गॅलरीत बसली होती. मांडीवर पिशवी, हातात कात्री.

"काय करतेयस?"

"हे काढते. ताड मोकळा करून देते. तशी घेऊन जा, घ्यायची असेल तर."

ओर्नेला आत गेली. निन्फाला वाटलं कॉफी करायला गेली. ती दुसरी कात्री घेऊन आली, नखांची, आणि समोर जमिनीवर बसली. पिशवी मध्ये धरून दोघी दोन बाजूंनी टाके कापू लागल्या. काढलेलं फूल बादलीत टाकलं की पाण्यात थोडा वेळ तरंगायचं, मग अंग सोडून द्यायचं.

"दोरा कापायचा, फूल नाही," निन्फा म्हणाली. "टाका वर उचल, मग काप. असा."

"कळतंय."

"कळत असतं तर गोंड्याची शेपूट राहिली नसती."

खाली गल्लीत मासेवाला ओरडत गेला. निन्फाने द्राक्षं सोडवायला घेतली. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्याकडच्या जाळ्यांवर घड्या होत्या."

ओर्नेलाची कात्री थांबली. "इस्त्री मागितलीस ती त्यासाठी?"

"चाळीस वर्षं टेबलक्लॉथला इस्त्री करतेय मी."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? तू मांडल्या होत्यास ना. पाहुणा आला की मांडतात तशा." तिने एक मणी ओढून काढला. "मी पाहुणी होते."

"मम्मा." ओर्नेलाने पिशवी बाजूला ठेवली. "ते टेबल माझं नव्हतं. कपाट माझं नव्हतं. आम्ही तिघी राहत होतो, तिसरीचं मांजर होतं, ते मांजर दिसेल ते ओरबाडायचं. तुझी एक जाळी तिथे रात्रभर राहिली असती तर सकाळी दोरा उरला असता. ड्रॉवरला कुलूप होतं माझ्या, म्हणून ड्रॉवरमध्ये. मी म्हटलं स्वतःचं टेबल होईल तेव्हा काढीन."

"मला आवडत नाहीत असं वाटलं."

"सगळ्या नाही आवडत," ओर्नेला म्हणाली. ती बापावर गेली होती, खोटं फार वेळ टिकवता येत नसे. "टेलिफोनखालची कशाला लागते मला अजून कळलेलं नाही. पण काही आवडतात. पेटीतली चादर आवडते."

निन्फाने मान वर केली. "ती तू कुठे पाहिलीस?"

"लहान असताना. तू दार लावून पेटीतल्या डांबरगोळ्या बदलायचीस, मी किल्लीच्या भोकातून बघायचे. मोठी किनार आहे. डाळिंबं आहेत तिच्यात."

"डाळिंबं आहेत," निन्फा म्हणाली.

"ती देशील?"

बादलीत एक गुलाब हळूच तळाला गेला.

"ती लग्नाची आहे, ओर्ने."

"माहीत आहे."

"म्हणजे लग्न झालं की..."

"मम्मा, मी अडतीस वर्षांची आहे. मला एक घर मिळालंय, त्यात एक पलंग आहे, पलंगावर दुकानातली चादर आहे, तिच्यावर धुतल्यावर गोळे येतात. मला तुझी चादर हवीय. नवरा मिळाला तर तोही तिच्यावर झोपेल, मी काही त्याला जमिनीवर झोपवणार नाही. पण तो येईपर्यंत ती पेटीत का राहायची आणि मी गोळ्यांवर का झोपायचं?"

निन्फाला उत्तर ठाऊक होतं. गल्लीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. पण ते तोंडाने म्हणायचं तर 'लोक म्हणतील मी तुझी आशा सोडली' असं म्हणावं लागलं असतं, आणि समोर बसलेल्या या मोठ्या, सुजलेल्या मनगटाच्या, नखांची कात्री धरलेल्या बाईकडे बघून आशा नेमकी कशाची सोडायची तेच तिला आठवेना. पोरीने घर घेतलं होतं. निन्फाच्या माहेरी, सासरी, दोन्हीकडच्या कुठल्या बाईच्या नावावर आजवर कोंबड्यांचं खुराडंही नव्हतं.

ती उठली. आत जाऊन तिने संत रीताला उचललं, किल्ली घेतली आणि मूर्ती ठेवताना तिचं तोंड भिंतीकडे केलं. रागाने नव्हे; थोडा वेळ बघू नये म्हणून.

चादर निघाली ती नॅप्थलीनच्या वासाने घर भरून टाकत. ओर्नेलाला शिंका आल्या. "ही अशीच घेऊन गेलीस तर विमानातून उतरवतील," निन्फा म्हणाली. "हिला वारा लागला पाहिजे." आणि दोघींनी चार कोपरे धरून ती गॅलरीत दोरीवर टाकली. इतकी लांब की डाळिंबांची किनार कठड्यावरून खाली गल्लीत लोंबली.

पांढरं स्वच्छ लिनन, नवी घडी, हातभर किनार. या गल्लीत असली चादर गॅलरीत दिसली की पत्रिका छापायची गरज उरत नाही. निन्फाला हे जन्मापासून माहीत होतं. तिने हे कितीतरी गॅलऱ्यांखाली उभं राहून स्वतः वाचलं होतं. तरी चिमटे लावून होईपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही.

"निन्फा!" समोरच्या दारातून आगातीनाचा आवाज आला, आणि त्या आवाजाला गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत जायला वेळ लागला नाही. "निन्फा, बया माझे! आणि मला सांगितलं नाहीस? धर्ममाता मी! मी हिला पाण्यावर धरली!"

वरची खिडकी उघडली. शेजारची उघडली. कुणीतरी टाळी वाजवली. "कधीचा मुहूर्त?" "कुठला आहे? तुरीनचा? की आपल्यातला?" "अगं तरीच ती पिशवी! मी म्हटलं एवढी द्राक्षं उगाच कोण विणतं!"

गल्लीच्या तोंडाशी गास्पारे पाव घेऊन येताना दिसला. वाटेत दोघांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला, तिसऱ्याने मिठी मारली. तो गॅलरीखाली येऊन थांबला, वर चादरीकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली.

"निन्फा," तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे बस चालवणाऱ्याचा हळू आवाज, "निदान नाव तरी सांगा. लोक माझा हात हलवतायत आणि मला त्याचं नावही माहीत नाही."

निन्फाने कठड्याला धरलं. चादरीच्या पलीकडे ओर्नेला होती. चादरीखालून तिचे नुसते अनवाणी पाय दिसत होते, आणि ते पाय अजिबात हलत नव्हते. बरं आहे, बघू, अजून ठरायचंय, असं काहीतरी बोलता आलं असतं. गल्ली ते मान्य करून दोन-तीन महिने गप्प बसली असती. निन्फा अशी वाक्यं जन्मभर बोलत आली होती, तिला ती पाठ होती.

"लग्न नाही, आगातीना," ती म्हणाली. मग तिला वाटलं खालच्या टोकाला ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा, मोठ्याने, "लग्नबिग्न काही नाही! माझ्या पोरीनं घर घेतलंय! घराला चादर लागते, ती देतेय!"

टाळी वाजवणाऱ्याने हात खाली घेतले. वरची खिडकी थोडी मिटली, मग पुढचं ऐकायला पुन्हा उघडली.

"एकटीनं?" आगातीनाने विचारलं.

"एकटीनं."

आगातीनाने यावर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर तो खालपासून वरपर्यंत जाताना दिसला. "कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

"लिफ्ट आहे?"

निन्फा चादरीकडे वळली. "लिफ्ट आहे?"

"आहे," चादरीमागून आवाज आला. थोडा घोगरा.

"आहे!" निन्फा खाली ओरडली.

"मग ठीक आहे," आगातीना म्हणाली. तिने खुर्ची उन्हातून सावलीत ओढली, बसली आणि गल्लीने आता आपापल्या कामाला लागायला हरकत नाही अशा नजरेने दोन्हीकडे पाहिलं. "पण चादर उलटी कर, निन्फा. उन्हानं डाळिंबं पिवळी पडतील. आणि अभ्रे कुठेत? पोरगी काय उशीशिवाय झोपणार आहे?"

गास्पारेने टोपी घातली. त्याला मिठी मारणारा माणूस अजून बाजूलाच उभा होता, आता काय करावं हे न कळून. गास्पारेने त्याचा हात हातात घेतला आणि स्वतःच एकदा जोरात हलवला. "घर घेतलंय," तो म्हणाला. "तुरीनला. चौथा मजला."

निन्फाने चिमटे काढायला घेतले. बादलीतून काढलेली, पाणी टपकणारी फुलं ओर्नेलाने केव्हातरी कठड्यावर ओळीने वाळत घातली होती, मऊ, चपटी, साखर गेलेली. त्यांतली तीन तिने वेगळी काढून मोकळ्या झालेल्या पिशवीवर ठेवली होती.

"कुठे लावू?" ती विचारत होती. "तू सांग. इथे?"

"तिथे नको, तिथे हात घासतो." निन्फाने ओल्या बोटांनी तिन्ही फुलं उचलून बंदाच्या मुळाशी एकमेकांना खेटून ठेवली. मग मागे सरकून पाहिलं. चौथं फूल कठड्यावरून तिच्याकडे बघत होतं. तिने बघू दिलं.

"दाभण आण," ती म्हणाली, "आणि आधी या चादरीचं ते टोक धर. जमिनीला लागतंय."

ओर्नेलाने टोक धरलं.